चार्ज कुणाकडे होता

बोरमाळ वस्ती, ता. पाथर्डी
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. रंगनाथ सरांना ज्योतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पोस्टातून पत्र आलं म्हणून दचकू नका. कुणाचं काही वाईट झालेलं नाही. म्हणजे अगदीच नाही असंही नाही. पुढे लिहिते.

तुमचे कान पार गेले, तुम्ही फोन कपाटात ठेवून दिलात, हे मला आपल्या वर्गातल्या पूजाकडून कळलं. ती अजून तिथं तुमच्या खर्ड्यातच असते. मग म्हटलं, पत्रच टाकावं. खरं सांगायचं तर फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहायची मला हल्ली भीती वाटते. कुणी कुठं पुढे पाठवील, सांगता येत नाही. लग्न झाल्यापासून अकरा वर्षांत तुम्हाला दिवाळीचं कार्डसुद्धा टाकलं नाही आणि आज गरज पडल्यावर आठवण झाली, याची लाज वाटते. रागावला असाल तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आधी घरचं. मी सहा वर्षं इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन, मी आणि गोरक्ष सर. आमचे हे, अजिनाथ, एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. मूलबाळ नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहून टाकलं. जूनमध्ये मोठे गुरुजी रिटायर झाले आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. पेढे वाटले होते मी त्या दिवशी.

दिवाळी झाली की आमची वस्ती निम्मी रिकामी होते. धडधाकट माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. लंकाबाई त्यातल्याच. त्यांचा मुलगा रामहरी आणि सून सांगलीकडे तोडीला गेलेत. नात पंकजा चौथीत, ती आजीजवळ. लंकाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. हाताला चव आहे. मीठ कधी चाखून बघत नाहीत, वासावर सांगतात.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना शॉक बसला. खिचडीच्या खोलीचं दार पत्र्याचं आहे. फरशी धुऊन त्या ओल्या हातापायानं आल्या आणि कडी धरली. ओरडल्यासुद्धा नाहीत हो सर. नुसत्या दाराला चिकटून थरथरत होत्या. मला आधी वाटलं, कडी अडकलीय म्हणून जोर लावताहेत. गोरक्ष सरांनी धावत जाऊन बोअरच्या मोटारीचं बटन पाडलं तेव्हा त्या खाली कोसळल्या. मोटारीची वायर छपरावरून गेलीय. ती घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकली होती. मोटार चालू असली की सगळ्या खोलीत करंट उतरायचा. लंकाबाई आता नगरला दवाखान्यात आहेत. हात भाजलाय. शुद्धीवर आहेत.

पंकजाला कोण ठेवणार? मी घरी आणलंय. गुणी पोर आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. त्या एका दिवसात एकच शब्द मी चार तोंडांतून ऐकला. वायरमन येऊन म्हणाला, "बाई, पत्रा न् पत्रा चार्ज झाला हुता." आमच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आप्पासाहेब फोनवर म्हणाले, "शाळेचा चार्ज तुमच्याकडं हाय, ध्यानात ठेवा." हे डेपोतून आले ते म्हणाले, "चार्जशीट झालं तर नोकरी गेली म्हणून समज." आणि संध्याकाळी पंकजा माझा मोबाईल हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमचा मोबाईल चार्ज न्हाई. आजीचा फोन कसा यील?"

तुम्ही वर्गात म्हणायचात, माणसाच्या आडनावावरून त्याचं गाव काढता, तसं शब्दालाही विचारत जा, बाबा, तुझं गाव कोणतं? या शब्दाचं गाव कोणतं, सर? चार ठिकाणी चार अर्थ आहेत की एकच शब्द चार दारांनी माझ्या अंगावर येतोय, ते मला कळेना झालंय. डोक्यात तोच घुमतो.

त्या दाराच्या बिघाडाची मला आधी काहीही कल्पना नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते.

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवा. शाळेच्या नको.

तुमची विद्यार्थिनी
ज्योती


बोरमाळ वस्ती
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. सर,
नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. चार पानं! अक्षर तेच, उजवीकडे कललेलं. हात कापतो असं लिहिलंत, पण कुठं दिसत नाही.

मी पंकजालाही वाचून दाखवलं, जेवढं तिला कळेल तेवढं. जुन्या रोमन लोकांची माल वाहायची गाडी म्हणजे 'कारुस'. तिच्यात माल भरणं म्हणजे 'कारिकारे'. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं 'शार्जिये' झालं आणि इंग्रजांनी त्याचा चार्ज केला. म्हणजे मुळात एवढंच, गाडीवर ओझं लादणं. माणसावर काम लादलं की जबाबदारी, दोष लादला की आरोप, वस्तूवर लादलं की तिचं मोल. बंदुकीत दारू ठासली तर ती चार्ज, आणि बंदूकवाल्यांचा शब्द पुढे वीजवाल्यांनी उसना घेतला. कार्गो, कॅरी, कार ही सगळी त्याच भावकीतली. कॅरिकेचरसुद्धा! एखाद्याच्या चेहऱ्यावर नको तेवढं नाक लादून काढलेलं चित्र. पंकजाला ते फार आवडलं. ती म्हणाली, "मंग आमच्या आबाची उसाची गाडी बी चार्ज हुती का, बाई?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "लई भरली की बैल बसतो."

आमच्या ह्यांच्या डेपोत मेकॅनिकांवर एक 'चार्जमन' असतो. तोही यातलाच, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. आमच्या घरात सध्या कुणी हसत नाही.

चौथ्या पानाच्या तळाशी तुम्ही लिहिलंय, "शब्द कळला. आता तुझं काय ते लिही. नुसत्या शब्दासाठी कुणी अकरा वर्षांनी पत्र लिहीत नाही." ते वाचलं आणि पत्राची घडी घालून पिठाच्या डब्याखाली सारली. तीन दिवस त्या डब्याकडे बघायचं टाळलं.

सर, मला फार भीती वाटते. अंगणात चपला वाजल्या तरी आधी दाराची कडी लावते. कुठलंही दार उघडताना आधी बोटाची पाठ लावून बघते, लाकडाचं असलं तरी. फोन वाजला की ह्यांना घ्यायला सांगते. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की वाटतं, मागे सगळी पोरं माझ्याकडेच बघताहेत. वळून बघावं तर खरंच बघत असतात.

लंकाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. छातीचे ठोके अजून नीट पडत नाहीत म्हणून डॉक्टर सोडत नाहीत. रामहरी उसाच्या फडावरून आला. येताना शाळेत येऊन ते दार बघून गेला. नुसता दारासमोर उभा राहिला आणि गेला.

मागच्या सोमवारी आप्पासाहेब घरी आले. वाईट माणूस नाही तो. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. चहा घेतला आणि पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. माझा जबाब, आधीच तयार. "सदर दाराच्या बिघाडाची मला कोणतीही पूर्वकल्पना नव्हती. स्वयंपाकी महिलेने वारंवार सूचना देऊनही ओल्या हाताने दार हाताळले."

मी विचारलं, "सूचना कुणी दिली होती?"

"तुमी दिली. लिवलंय की खाली."

"पण मी दिली नव्हती, साहेब."

त्यांनी कप बशीसकट बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. तुमाला म्हायती हुतं असं निघालं तर पोलीस केस हाय. मंग मला बी इचारत्याल, तुमी तपासणीला गेल्ता तवा काय बघितलं. ती बाई काय कोर्टात जात न्हाई. सही करा, इषय मिटवा."

हे म्हणाले, "करते ती. उद्या करते."

त्या कागदावर अजून सही केलेली नाही. पण फाडलाही नाही. तो देवघरात, हळदीकुंकवाच्या ताटाखाली आहे.

आता लिहिते. लिहिल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकता येणार नाही. पहिल्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं. मला माहीत होतं.

बुधवारी, बारा तारखेला, म्हणजे अपघाताच्या आठ दिवस आधी, मधल्या सुट्टीत पंकजा माझ्याकडे आली होती. मी मोबाईलवर हजेरी भरत होते, रेंज येत-जात होती. ती म्हणाली, "बाई, खिचडीच्या खोलीचं दार चावतंय." मी म्हटलं, दार कसं चावेल? ती म्हणाली, "खरंच चावतंय. समद्यांना इचारा." मी म्हटलं, तिकडे खेळू नका, जा.

तीच पंकजा आता माझ्या घरात, माझ्या शेजारी पाटावर बसून जेवते. आजवर एकदाही तिनं तो विषय काढलेला नाही. एकदाही नाही, सर. ती भाजी मागते, पाणी मागते, पाढे म्हणते. आणि मी तिच्या तोंडाकडे बघत असते, की आता बोलेल, आता बोलेल.

तुमची
ज्योती


बोरमाळ वस्ती
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

ती. सर,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ, "पुढे?" तुम्ही वर्गातही असंच करायचात. अर्धं उत्तर देऊन थांबलं की खडू हातात धरून नुसतं म्हणायचात, पुढे?

पुढचं लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर मी पुन्हा काहीतरी गाळीन.

गुरुवारी, अकरा तारखेला, चौकशीला तालुक्याहून एक मॅडम आल्या. सविता मॅडम. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दार पाहिलं, वायर पाहिली, फोटो काढले. मग म्हणाल्या, मुलांशी बोलायचंय. आप्पासाहेब म्हणाले, "लेकरास्नी काय कळतंय, मॅडम." त्या म्हणाल्या, "बघू की काय कळतं ते."

व्हरांड्यात एकवीस पोरं मांडी घालून बसली. मॅडमनी चांगल्या प्रेमानं विचारलं, "लंकाआजींना लागायच्या आधी, त्या दाराला हात लावल्यावर कुणाला काही झालं होतं का? घाबरू नका. कुणी बाईंना सांगितलं होतं का?"

एकवीस डोकी माझ्याकडे वळली. मी खांबाला धरून उभी होते आणि मनात देवीला म्हणत होते, आई, कुणाचं तोंड उघडू देऊ नकोस. असं म्हणत होते मी, सर. पोरांची बाई.

मग पंकजा उठली. हाताची घडी घातली, कविता म्हणताना घालते तशी. "न्हाई मॅडम. कुनालाच कायबी झालं न्हाई. कुनी कुनाला काय सांगितलं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "नक्की?"

"नक्की."

तिच्यामागून बाकीची पोरंही म्हणाली, न्हाई, न्हाई. आप्पासाहेबांनी रुमालानं मान पुसली. माझा जीव भांड्यात पडला असं म्हणायला हवं, पण तसं झालं नाही.

शाळा सुटल्यावर घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती. बांधावर थांबली आणि मागे वळून म्हणाली, "बाई, म्या तुमचं नाव घेतलं न्हाई. तुमी आता भिऊ नका. भाकरी करताना रडू नका." मग थोडं पुढे जाऊन म्हणाली, "पर आजीला सांगू नका हां, म्या खोटं बोलले म्हून. आजी मारंल."

नऊ वर्षांची आहे ती. तिच्या आजीची दोन बोटं गेलीत.

मी तिथंच खाली बसले. तिला वाटलं मला काटा रुतला. ती माझी टाच धरून काटा शोधायला लागली.

सर, मागच्या पत्रातही मी पुरतं खरं लिहिलं नव्हतं. पोरीचं बोलणं मी उडवून लावलं, असं तुम्हाला वाटावं, असं मी लिहिलं. निष्काळजी बाई म्हणवून घेणं त्यातल्या त्यात बरं. पण त्या दिवशी सगळी पोरं पांगल्यावर मी त्या दाराजवळ गेले होते. कडीला हात लावला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पायात चपला होत्या, हात कोरडा होता, म्हणून तेवढंच. मला कळलं. तिथल्या तिथं कळलं.

मग मी काय केलं? तांदळाचं रिकामं बारदान घेतलं, कडीला गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि पोरांना सांगितलं, तिकडे जायचं नाही. लंकाबाई त्या दिवशी खिचडी उरकून बाजाराला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. वायरमनला एकदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. लेखी अर्ज करायला हवा होता. पण मोठ्या गुरुजींनी मागे गळक्या छपराचा अर्ज केला होता, तर उलट त्यांनाच विचारलं गेलं, छप्पर तुमच्या काळात गळायला कसं लागलं? नवा नवा चार्ज होता. मला वाटलं, पहिल्याच वर्षी तक्रार करणारी बाई म्हणून नाव नको. दोन दिवस गेले, चार गेले. बारदान बांधलेलं दिसायचं आणि वाटायचं, काहीतरी केलंय आपण. मग ते दिसायचंही बंद झालं.

भीतीनंच केलं सगळं. अपघातानंतर घाबरले असं नाही. आधीच घाबरलेली होते, म्हणून अपघात झाला.

त्या संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. मुंग्या आल्याचंही. ह्यांना तेही माहीत नव्हतं. हातातला पान्हा त्यांनी पेटीत ठेवला. मग म्हणाले, "मला आत्ता सांगतीस?"

"हो."

"आणि आता काय करणार?"

"मॅडमना लिहून देणार."

"वेड लागलंय का तुला? पोरीनं वाचवलं ना? सगळी पोरं एका तोंडानं बोलली. संपलं. आता तू सोताहून कुऱ्हाडीवर पाय मारणार?"

मी म्हटलं, "पोरीनं वाचवलं म्हणूनच."

ते उठून बाहेर गेले. परत आले ते अंथरुणावर पडले. पण सकाळी गाडी काढून दारात उभे होते.

तालुक्याच्या ऑफिसात सविता मॅडमसमोर बसून मी हातानं जबाब लिहिला. अडीच पानं. पहिला कागद खाडाखोडीनं भरला, दुसरा मागून घेतला. मॅडमनी वाचला. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, हे मी घेतलं की परत देता येणार नाही. तुम्हाला कळतंय ना?" मी म्हटलं, मुलांना पुन्हा विचारू नका, एवढंच करा. त्यांनी मान हलवली आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याच्या आवाजानं मी दचकले.

तिथून नगरला गेलो. वॉर्डात रामहरी बाहेर बाकावर झोपला होता. लंकाबाई जाग्या होत्या. हाताला हे एवढं पांढरं बांधलेलं. मला बघून उठायला लागल्या, मी थांबवलं. उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा डोळे मिटले. मला वाटलं ऐकणं बंद केलं. मग म्हणाल्या, "ते बारदान तुमी बांधलं हुतं?"

"हो."

"म्या सोडलं ते. आठ दिस तसंच धरून दार उघडलं, मंग शाक बसला त्याच दिशी सकाळी सोडलं. म्हनलं, कुन्या पोरानं खोडी केली. चांगलं बारदान, झटकून घडी घालून ठिवलं." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एका शब्दानं सांगितलं असतं तर? 'लंकाबाई, हात लावू नका.' येवढंच. म्या काय तुमाला खाल्लं असतं?"

मी त्यांच्या उशाचा तांब्या भरून ठेवला.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी उभी राहिले. नर्स दोनदा येऊन गेली. शेवटी निघाले तेव्हा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "पंकीला दूध लागतं सकाळी. च्या देऊ नका."

माफ केलं नाही त्यांनी. करावं असं मी म्हणालेही नाही.

घरी येऊन पंकजाला समोर बसवलं. सांगितलं की मी मॅडमना खरं लिहून दिलंय. दार चावतंय असं तू मला सांगितलं होतंस, तेही लिहिलंय. तू चांगलं केलं होतंस, चूक माझी. ती एकदम रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दवाखान्यात नेताना रडली नव्हती, बाप आला तेव्हा रडली नव्हती. माझा पदर धरून म्हणत होती, "म्या अजून एकदा सांगायला पायजे हुतं. म्या आजीला सांगायला पायजे हुतं. मला वाटलं, बाईला सांगितलं म्हंजी झालं."

बाईला सांगितलं म्हंजी झालं. हे वाक्य मला मरेपर्यंत पुरेल.

तुमची
ज्योती


बोरमाळ वस्ती
सोमवार, ५ जानेवारी २०२६, सकाळ

ती. सर,

आज घाईत लिहिते. नऊच्या जीपनं जायचंय, आणि ही पाथर्डीची जीप चुकली की दुपारशिवाय दुसरी नाही.

निलंबनाचा कागद आला. गोरक्ष सरांकडे चार्ज दिला. किल्ल्या, शिक्का, कपाटातली रजिस्टरं, एकेक वस्तू मोजून यादीवर सही केली. ते बिचारे माझ्याकडे बघेनात. शेवटी मीच म्हटलं, सर, खोल्यांमधली सगळी वायरिंग तपासून घ्या, मगच सही करा. त्यांनी खरंच वायरमनला बोलावलं. तोपर्यंत यादी तशीच टेबलावर राहिली. मला बरं वाटलं. आप्पासाहेबांनाही नोटीस निघालीय. ते माझ्याशी बोलत नाहीत. बाजारात समोरून आले आणि रस्ता ओलांडून गेले.

हे बोलतात. कमी बोलतात. काल म्हणाले, "कोर्टाची तारीख पडली तर रजा टाकीन." एवढंच.

लंकाबाई मागच्या आठवड्यात घरी आल्या. रामहरी तोडीवर परत गेला. पंकजा आजीकडे गेली. जाताना तिची पाटी आमच्याकडे राहिली. मी नेऊन देत नाही आणि तीही न्यायला येत नाही. घर फार मोठं वाटतं. लंकाबाई डाव्या हातानं पाणी भरतात. मी दोनदा गेले होते. पहिल्या वेळी दार लावून घेतलं. दुसऱ्या वेळी दार उघडं ठेवलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

आज पोलीस ठाण्यात माझा जबाब आहे. वकील म्हणाले, कमी बोला, विचारतील तेवढंच सांगा. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. सर, मी अजून तितकीच भिते. खरं बोलल्यावर भीती जाते असं कुणीतरी मला सांगितलं होतं. जात नाही. कैद होईल का, नोकरी जाईल का, उद्या वर्तमानपत्रात नाव येईल का, हे सगळं डोक्यात चालूच आहे.

काल संध्याकाळी मात्र पंकजा अंगणापर्यंत आली. आत आली नाही. तुळशीपाशी उभी राहून एका दमात म्हणाली, "आजीनं सांगितलंय, उद्या आजी बी ठान्यात येनार हाय. तुमच्याच जीपनं. साहेबाला तिला बी बोलायचंय." आणि पळाली.

काय बोलायचंय, ते मी विचारायला गेले नाही. माझ्या विरोधात बोलतील तर तो त्यांचा हक्क आहे. बोलू देत. आजवर त्यांच्या हाताविषयी सगळे बोलले, आप्पासाहेब, वायरमन, डॉक्टर, मी. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खिडकीतून रस्ता दिसतो. त्या येऊन उभ्या राहिल्यात. डोक्यावरून पदर, बांधलेला हात पदराखाली. जीपला दोनच बायांपुरती जागा असते, पुढे, ड्रायव्हरशेजारी. पाथर्डीपर्यंत पाऊण तास आम्ही खांद्याला खांदा लावून बसणार आहोत. मी काय बोलू, मला माहीत नाही. चपला घालते आणि जाते.

भ्यालेली, पण निघालेली,
ज्योती